कंपाउंड : एका शब्दाची दोन घराणी

आमचे अण्णा घाटकोपरच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते आणि आम्ही घाटकोपरलाच एका कंपाउंडमध्ये राहत होतो. त्यामुळे सात-आठ वर्षांची होईपर्यंत माझी पक्की समजूत होती, की कंपाउंडची राखण करतो तो कंपाउंडर. माझ्याकडे पुरावाही होता. अण्णा रात्री दवाखाना बंद करून येत तेव्हा चाळीचे फाटक शेवटी तेच लावत. मालकांनी किल्लीही त्यांच्याकडेच ठेवली होती. शाळेत 'माझे वडील' या विषयावर निबंध आला, तेव्हा मी हे लिहून टाकले. बाईंनी तो वाचून दाखवला आणि वर्ग हसला. घरी येऊन सांगितले तर अण्णाही हसले. मग जरा वेळ गप्प राहून म्हणाले, "तुझं चुकलं खरं. पण मग दोन्ही शब्द सारखे का, ते मलाही नाही सांगता यायचं."

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. अण्णांना जाऊन आता बारा वर्षे झाली. मी भाषाशास्त्राची पदवी घेतलेली नाही. साकीनाक्याच्या एका कारखान्यात हिशेब लिहिण्यात माझी उमेद गेली. शनिवारी दुपारी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात बसून कोश चाळण्याचे व्यसन मात्र फार जुने आहे. अण्णांच्या प्रश्नाचा धागा मला तिथेच सापडला.

आडनावबंधू

कुठलाही मोठा इंग्रजी कोश उघडला, तर 'कंपाउंड' हा शब्द एकदा भेटत नाही, दोनदा भेटतो. दोन स्वतंत्र नोंदी, त्यांना दोन स्वतंत्र क्रमांक. एकाच शब्दाला अनेक अर्थ असतील तर कोशकार ते एका नोंदीखाली ओळीने देतो. तो वेगळी नोंद करतो तेव्हा त्याला सांगायचे असते, की हे दोघे दिसायला सारखे असले तरी एका आईची लेकरे नाहीत. आपल्याकडे दोन कुलकर्णी भेटले की आधी गाव विचारतात, मग नाते लागत नाही असे कळते आणि दोघे हसून म्हणतात, आपण आडनावबंधू. अण्णांचा कंपाउंडर आणि आमचे कंपाउंड हे असेच आडनावबंधू आहेत. एकाचे गाव युरोपात, दुसऱ्याचे मलायात.

मराठीतही अशा जोड्या आहेत. झाडाचे 'पान' आणि पुस्तकाचे 'पान' एकाच घरातले. पण 'कर' म्हणजे हात आणि 'कर' ही आज्ञा, यांची कुळकथा सरळ नाही. म्हणून शब्दाचे मूळ शोधताना मी तीन गोष्टी विचारते. अर्थ जुळतो का, काळ जुळतो का आणि शब्द इथवर कोणत्या वाटेने आला. नुसता उच्चार जुळला म्हणजे नाते जुळले, असे मानू नये.

एकत्र ठेवणे

पहिले घराणे लॅटिन. 'कॉम' म्हणजे एकत्र आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे; दोन्ही मिळून 'कोम्पोनेरे', एकत्र ठेवणे, जुळवणे. जुन्या फ्रेंचमधून हे क्रियापद इंग्रजीत आले तेव्हा त्याच्या शेवटी 'ड' नव्हता, ते 'कंपाउन' असे काहीसे होते. 'ड' पुढे चिकटला. इंग्रजांच्या जिभेची ही जुनी सवय आहे. आवाज या अर्थाचा 'साउंड' हाही आधी 'सून' होता. हा 'ड' वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

या घराण्याचा गोतावळा मोठा आहे. यंत्राचा सुटा भाग म्हणजे कंपोनंट, शेतातले कंपोस्ट खत आणि एकेकाळी आपले दिवाळी अंक ज्यांच्या बोटांतून उतरत, ते खिळे जुळवणारे कंपोझिटर, हे सगळे त्याच 'कोम्पोनेरे'चे. खुद्द 'कंपाउंड'चे अर्थही याच कल्पनेतून फुटले. दोन मूलद्रव्यांच्या रासायनिक मिलाफाला आपण संयुग म्हणतो. दोन शब्द जुळले की सामासिक शब्द, दोन वाक्ये जुळली की संयुक्त वाक्य. मुदलात व्याज मिसळून त्यावर पुन्हा व्याज धरले की चक्रवाढ. मराठी भाषकांनी या प्रत्येक अर्थाला आपला शब्द दिला. 'चक्रवाढ' तर इतका नेमका, की हिशेब लिहिताना मला कधी इंग्रजी शब्द आठवलाही नाही.

भाषांतर झाले नाही ते माणसाचे. कंपाउंडर हा कंपाउंडरच राहिला. डॉक्टर चिठ्ठीवर औषधांची नावे लिहीत आणि ती प्रमाणात एकत्र करणे हे अण्णांचे काम. खलात गोळ्या कुटून पुड्या बांधायच्या, लाल मिक्श्चर बाटलीत भरायचे आणि बाटलीला बाहेरून कागदाची दातेरी पट्टी चिकटवायची. एक दाता म्हणजे एक डोस. त्या पट्ट्या कापायचे काम रविवारी आम्हा भावंडांकडे असे. १९४८ च्या फार्मसी कायद्यातही औषध तयार करण्याच्या संदर्भात हे क्रियापद आलेले आहे. पुढे कंपन्यांच्या तयार गोळ्या आणि तयार बाटल्या आल्या, एकत्र करण्यासारखे काही उरले नाही आणि कंपाउंडर हा नंबर लावणारा, नावे पुकारणारा माणूस झाला. अण्णांना त्याचे वाईट वाटे. "आता मी नुसता फाटकावरचा," असे ते म्हणत. माझ्या निबंधातली चूक त्यांच्या उतारवयात अशी खरी ठरली.

याच घराण्याचा आणखी एक अर्थ मला कोर्टात कळला. नव्वदच्या दशकात आमची चाळ आणि शेजारचा प्लॉट यांच्यामधली भिंत उंच करण्यावरून भांडण झाले. शब्दाने शब्द वाढला, शेजारच्या एका काकांनी आमच्याकडच्या एकाच्या दंडावर फावड्याचा दांडा मारला आणि प्रकरण कोर्टात गेले. तारखा पडत राहिल्या. शेवटी वकील म्हणाले, "कशाला ओढताय? केस कंपाउंड करून टाका." त्यावर ते काका चक्रावले. "अहो साहेब, कंपाउंडवरूनच तर भांडण झालं! आता केसलाही कंपाउंड घालायचं?"

वकिलांचा शब्द बरोबर होता. एकत्र ठेवणे यावरून एकत्र येणे, एकत्र येण्यावरून समेट, असा हा अर्थ सरकत आला. साधी दुखापत करण्यासारखे गुन्हे फिर्यादीला आपसात मिटवता येतात. त्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३५९ मध्ये आहे. इंग्रजीत मात्र या अर्थाची एक गंमत झाली. पैसे घेऊन गुन्हा दडपणे यालाही तिथे हेच क्रियापद होते. ज्यांना कायद्याचा अर्थ ठाऊक नव्हता त्यांनी त्यातून 'भर घालणे' एवढेच उचलले आणि आज हे क्रियापद प्रश्न आणखी बिघडवणे या अर्थाने सर्रास वापरले जाते. मिटवणारा शब्द चिघळवणारा झाला.

तीनशे रांजण

आता दुसरे घराणे. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा एक प्रचंड कोश रचला. बर्नेल १८८२ मध्ये वारले, कोश १८८६ मध्ये निघाला, विल्यम क्रुक यांनी वाढवलेली आवृत्ती १९०३ ची. त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमच्या मिरवणुकीतली 'या हसन, या हुसेन' ही आर्त हाक गोऱ्या शिपायांच्या कानाला अशी ऐकू आली, म्हणून हे नाव. परका शब्द आपल्या ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसवून घेण्याची ही खोड सगळ्यांनाच असते. आपल्या लोकांनी पहारेकऱ्याच्या इंग्रजी आरोळीचा 'हुकूमदार' केला, तो याच न्यायाने.

या कोशात 'कंपाउंड'वर मोठी नोंद आहे. बंगल्याभोवतीचे आवार या अर्थाच्या शब्दाचा उगम कुठला, यावर तेव्हाही वाद होता. कोणी पोर्तुगीज शब्दाकडे बोट दाखवी, कोणी फ्रेंच, कोणी मलाय. आजचे कोश मलाय भाषेतल्या 'कांपुंग'च्या बाजूने आहेत. कांपुंग म्हणजे घरांचा पुंजका, वस्ती, वाडी. शहरातला एखाद्या समाजाचा मोहल्ला. सिंगापूरचे कांपोंग ग्लाम, क्वालालंपूरचे कांपुंग बारू ही नावे आजही नांदती आहेत. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये आणि डचांनी १६४१ मध्ये मलाक्का घेतले. त्यांच्या तोंडून हा शब्द इंग्रज व्यापाऱ्यांच्या कानी पडला. 'कांपुंग' त्यांना परका वाटला, पण तशाच ठेक्याचा, शेवटी 'ड' लागलेला एक शब्द त्यांच्या घरात आधीच होता. मलायी पाहुण्याला लॅटिन घरातला सदरा चढवला गेला आणि आडनाव सारखे झाले. अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

आपण उपनगरवासी इथे एका मोहात पडू शकतो. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही सगळी साष्टी बेटावरची गावे आणि साष्टी चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या मोहिमेपर्यंत पोर्तुगीजांकडे होती. मग हा शब्द आपल्याच मातीत रुजला असेल, असे म्हणावेसे वाटते. पण तिसरा प्रश्न, वाटेचा, आड येतो. जुन्या नोंदी पूर्व किनाऱ्याकडे नेतात. हॉब्सन-जॉब्सनमध्ये एप्रिल १६७९ ची एक नोंद दिली आहे. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमधले कंपनीचे अधिकारी आंध्र किनाऱ्यावर दौऱ्यावर गेले होते. मदपोल्लमजवळ त्यांनी डचांची वखार पाहिली. तिचे कंपाउंड मोठे होते आणि निळे कापड रंगवण्यासाठी तिथे तीनशेहून अधिक रांजण जमिनीत पुरलेले होते. कोरोमंडल किनाऱ्याचे कापड मलायी बेटांकडे जाई आणि तिकडून मसाले येत. कापडाच्या गाठी ज्या गलबतांतून गेल्या, त्यांतूनच हा शब्द उलट दिशेने आला.

ती नोंद वाचली त्या दिवशी मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. साहेबाचा बंगला, हिरवळ, माळी, असे चित्र मनात धरून मी शोध घेत होते आणि हाती लागले ते रंगाऱ्यांचे आवार. साकीनाक्याला खैरानी रोडच्या आतल्या अंगाला मी ज्या कंपाउंडमध्ये नोकरी केली, ते याच जातीचे. लोखंडी फाटक, मधे टेम्पो वळण्यापुरती मोकळी जागा, भोवती पत्र्याचे गाळे. एकात डाय-कास्टिंग, एकात पॉलिश, एकात खोकी. धारावीतले भंगार आणि प्लास्टिकच्या पुनर्वापराचे 'तेरा कंपाउंड' तर जगाला माहीत आहे. कंपाउंड या शब्दाला अशी कष्टाची जागा नवी नाही. त्याच्या भारतातल्या पहिल्या नोंदींतच कामगारांच्या हाताला निळा रंग लागलेला आहे.

कुंपण आणि कुंपणी

व्याख्यानात हा विषय काढला, की श्रोत्यांपैकी कोणीतरी उठून म्हणतेच, "बाई, कंपाउंड हा आपला कुंपणच. इंग्रजांनी उचलला." अभिमान समजू शकतो, पण मान्य करता येत नाही. कुंपण म्हणजे शेताभोवतीची काटेरी वई. मोल्सवर्थच्या कोशात तो आहे, सरड्याची धाव आणि शेत खाणारे कुंपण या म्हणींतून तो आपल्या हाडीमाशी खिळला आहे. म्हणजे शब्द अस्सल घरचा. पण कुंपण ही सीमा आहे आणि जुने कंपाउंड म्हणजे सीमेच्या आतली जागा. अर्थ जुळत नाही. शिवाय मद्रास-मछलीपट्टणच्या वखारवाल्यांना मराठी शेतकऱ्याचा शब्द कोणत्या वाटेने मिळावा?

याच ध्वनीचा तिसरा शब्द जुन्या कागदपत्रांत येतो तो 'कुंपणी', म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. 'कुंपणी सरकार' म्हटले की आजही पेशवाईचा शेवट डोळ्यांपुढे येतो. हा 'कंपनी'चा अवतार. लॅटिनमध्ये त्याची फोड 'एकत्र' आणि 'पाव' अशी होते, एका पंगतीत भाकरी खाणारे ते सोबती. कुंपण, कुंपणी, कंपाउंड हे तिघे एका ओळीत उभे केले तर सख्खी भावंडे वाटतात, पण एक मराठी रानातला, एक लॅटिन पंगतीतला आणि एक मलायी वस्तीतला.

आतल्या माणसांचे काय झाले

मलायी वस्ती सोडून हा शब्द जगभर फिरला आणि जाईल तिथे वेगळा झाला. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर १८८० च्या दशकात बंदिस्त कंपाउंडे उभी राहिली. कराराची मुदत संपेपर्यंत काळ्या मजुरांना बाहेर पडता येत नसे. हिरे भिंतीवरून फेकले जाऊ नयेत म्हणून वर जाळी ताणलेली असे. पश्चिम आफ्रिकेत, नायजेरिया-घानाकडे, त्याच शब्दाचा अर्थ एका कुटुंबाच्या अनेक चुलींचा मिळून झालेला वाडा. आपल्याकडे मिरजेला किंवा अहमदनगरला 'मिशन कंपाउंड' म्हटले की दवाखाना, शाळा, चर्च आणि गावाने दूर लोटलेल्यांना मिळालेला आसरा असे सगळे त्यात येई. एकच शब्द, कुठे तुरुंग, कुठे घर, कुठे आश्रय.

आणि उपनगरात? आमच्याकडे शब्द कमी नव्हते. आवार, वाडा, अंगण, परसू, आळी, पाडा, पाखाडी. तरी कंपाउंड जिंकले. मला याचे कारण असे वाटते, की आवार देवळाचे असते, वाडा धन्याचा, अंगण ज्याच्या त्याच्या दारापुढचे, आळी आणि पाखाडी आपापल्या समाजाची. १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतची आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतची गावे मुंबईत आली, तेव्हा इथल्या चाळींत रत्नागिरीचे, कच्छचे, केरळचे, जौनपूरचे बिऱ्हाडकरू शेजारी शेजारी राहायला लागले. त्या सामाईक मोकळ्या जागेला कोणाच्याच मालकीचा नसलेला शब्द हवा होता. आमच्या कंपाउंडमध्ये वाळवणे पडत, लग्नाचे मांडव पडत, नवरात्रात आधी आरती आणि मग गरबा होई. मृताची तिरडीही तिथेच बांधली जाई. अण्णांची तिथेच बांधली. कांपुंगचा मूळ अर्थ आम्ही नकळत जगत होतो.

मग मराठीने या शब्दाचे एक असे काही केले, जे इंग्रजीने केले नाही. इंग्रजीत कंपाउंड म्हणजे आतली जागा, भोवतीची भिंत ही 'कंपाउंड वॉल'. आपण 'वॉल' गाळून टाकली. "कंपाउंडवर चढू नका", "कंपाउंडवरून उडी मारली", "प्लॉटला कंपाउंड घातलं", गावाकडे "तारेचं कंपाउंड". नीट ऐका, या वाक्यांत जागा उरलेली नाही, फक्त भिंत आहे. कुंपणाशी ज्याचे नाते नव्हते तो शब्द अर्थाने कुंपणाच्या जागी येऊन बसला. आडनावबंधू शेवटी शेजारी झाले.

शब्दाचा अर्थ सरकतो, त्याला चूक म्हणायचे नसते, हे मी कोशांकडून शिकले. पण तो कोणत्या दिशेने सरकला हे पाहायला हरकत नसावी. एका घराण्यात याचा अर्थ एकत्र ठेवणे, दुसऱ्यात एकत्र राहणे. दोन परक्या भाषांनी 'एकत्र' हा अर्थ आपापल्या परीने आणून दिला आणि आम्ही त्यातून वेगळे करणारी वस्तू तेवढी निवडली. सिंगापूरच्या लोकांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कांपोंग सोडून उंच इमारतींत घरे घेतली, पण 'कांपोंग स्पिरिट' हा शब्दप्रयोग मागे ठेवला. जुन्या वस्तीतला शेजारधर्म असा त्याचा अर्थ. निदान काय गेले याला त्यांच्याकडे नाव आहे.

आमची चाळ गेल्या वर्षी पुनर्विकासाला गेली. शेजारचा प्लॉटही त्याच योजनेत आहे. पाडकाम करणाऱ्यांनी पहिल्या दिवशी घरांना हात लावला नाही, आधी मधली भिंत पाडली. जिच्यापायी दंडावर दांडा बसला आणि केस कंपाउंड करावी लागली, तीच. पत्रे ठोकायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत दोन्हीकडची माणसे शेवटची आवराआवर करताना सहज इकडून तिकडे जात-येत होती. ते काका आता पंच्याऐंशीचे आहेत. काठी टेकत आले, भिंत होती तिथे थांबले आणि म्हणाले, "एवढीच जागा होती होय गं दोन्हीकडची मिळून? तेव्हा केवढी वाटायची."

मी त्यांना लॅटिन आणि मलाय काही सांगितले नाही. अण्णांकडची फाटकाची किल्ली अजून माझ्याकडे आहे, फाटक मात्र भंगारात गेले. ते बहुधा एखाद्या कंपाउंडमध्येच वितळले असेल.